हीटरचा रकाना

लव्हाल, २८ जुलै २०१७

प्रिय सूर्यादादा,

राखी सोबत आहे. या वर्षी विकतची नाही, ऊर्मीने स्वतः दोरे गुंफून केलीय, त्यामुळे गाठ सैल बसली तरी गोड मानून घे. सख्खा भाऊ नसला की मावसभावाला दुप्पट ताप, हे तुला एवढ्या वर्षांत कळलंच असेल. वनितावहिनींना नमस्कार.

राखीच्या पत्रात कामाचं लिहू नये असं आई म्हणायची. तरी लिहिते, कारण फोनवर तू गप्पाच मारतोस आणि मग दोघंही मुद्दा विसरतो. आमच्या पोळ्यांच्या धंद्यासाठी ट्रक घ्यायचाय. जुनी व्हॅन आता प्रत्येक सिग्नलला कण्हते. फ्रोजन पोळ्या, पुरणपोळ्या, थालीपीठं असा माल बावीस दुकानांत जातो. इथून मॉन्ट्रियलला पार्क एक्सटेंशन, मग पूल ओलांडून ब्रोसार्ड आणि परत. गाडी नंदनच चालवतो. डायबेटिसमुळे त्याने हे करू नये असं मला वाटतं, पण दुसऱ्याच्या हाती माल द्यायला तो तयार नाही.

ऊर्मीने हट्ट धरलाय की घ्यायचा तर इलेक्ट्रिक ट्रक. “डीझल इज सो ग्रोस, बाबा,” असं रोज जेवताना चालतं. नंदनलाही ते पटलंय. जवळच एक लहानशी कंपनी असे ट्रक बांधून देते. नुसता ट्रक एका किमतीला, आणि वर काय काय हवं त्याची चार पानी यादी, तीही फ्रेंचमध्ये. तिचं मराठी करून जोडलंय. मागचा कॅमेरा, माल चढवायची लिफ्ट, पायरीला जाळी, गरम होणारी सीट, छतावर सोलर पॅनल, जलद चार्जिंग. शेवटी थंडीचं पॅकेज, म्हणजे बॅटरी गरम ठेवायची सोय आणि केबिनसाठी डिझेलवर जळणारा छोटा वेगळा हीटर. प्रत्येकापुढे हो आणि नाही असे दोन रकाने आहेत, हवं त्या रकान्यात तसं लिहायचं.

तुमच्या खाणीत इलेक्ट्रिक ट्रक आहेत आणि तू त्यांच्यावरच आहेस, हे अमरावतीत तुझ्या काकूने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय. विकणारा विकायलाच बसलेला. घरचा माणूस असताना त्याला कशाला विचारायचं? रकाने तूच भर.

तुझी नीलू


सस्काटून, १४ ऑगस्ट २०१७

चि. नीलूस अनेक आशीर्वाद.

राखी पोचली, बांधली आणि तिसऱ्या दिवशी सुटली. ऊर्मीला सांग, मामा ती खिशात घालून फिरतोय.

यादी वाचली. विकणाऱ्यांची जात सगळीकडे एकच बघ. गिऱ्हाईक बाई आहे म्हटल्यावर त्याने चार पानं केली, मी गेलो असतो तर एकावर भागलं असतं. कॅमेरा घे, विचारसुद्धा करू नकोस. गाडी मागे घेताना किती दिवे आणि बंपर जातात ते मी रोज बघतो. पायरीला जाळी अवश्य घे, ओल्या बुटाने पाय घसरतो, आमच्याकडे तर दोन वर्षांत तीन पायऱ्या बदलाव्या लागल्या. लिफ्ट नंदनरावांसाठी घे, त्यांनी ओझी उचलायला नकोतच. सोलर पॅनल तुमच्याकडे पाच महिने बर्फाखाली राहणार, ते सोडून दे. जलद चार्जिंगही नको, रात्रभर गाडी दारातच उभी असते. गरम सीट म्हणजे निव्वळ चोचले.

राहिलं थंडीचं पॅकेज. इलेक्ट्रिक ट्रक घ्यायचा आणि त्यात डिझेलचा हीटर बसवायचा, म्हणजे एकादशीचा उपास धरून फराळाला मटण करायचं. आमचे दोन ट्रक दोन वर्षं असल्या पॅकेजशिवाय चालतायत आणि एकदाही अडलेले नाहीत. तिथे ठळक अक्षरात ‘नाही’ लिही.

वनिता म्हणते, एवढं विचारलंत ते बरं केलंत, यांना बरेच दिवसांत कोणी काही विचारलं नव्हतं. तिची चेष्टा सोडून दे. काही अडलं तर कळव.

सूर्यादादा


लव्हाल, ३ सप्टेंबर २०१७

प्रिय सूर्यादादा,

यादी घेऊन गेले होते. विकणारा बराच सालस निघाला, उंच आणि हडकुळा, माझ्या फ्रेंचला एकदाही हसला नाही. बाकी सगळ्याला मान डोलावत गेला आणि थंडीच्या पॅकेजपाशी थांबला. “मादाम, ल शोफाज?” म्हणजे हीटरचं काय. मी नको म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी जरा ताठ्यानेच सांगितलं, की माझा भाऊ सस्काटूनला हेच ट्रक उणे चाळीसमध्ये चालवतो, हीटरबिटर काही नाही. त्यावर त्याने खांदे उडवले आणि ‘नों’ असं लिहिलं.

गाडीतून घरी येताना मात्र मनात किंतु आला. नंदनच्या पायांना आता थंड-गरम नीटसं कळत नाही. डॉक्टरांनी बजावलंय की हिवाळ्यात पाय उबदार ठेवायचे, त्यात हयगय नको. म्हणून एकदाच विचारते, रागावू नकोस. उणे चाळीसमध्ये तुमचे ट्रक खरंच त्या पॅकेजशिवाय चालतात ना? सही वीस तारखेला आहे. तोपर्यंत बदलता येईल.

तुझा ट्रकजवळचा एखादा फोटोही पाठव. ऊर्मीला वर्गात दाखवायचाय की माझा मामा या लाइनमधला आहे.

नीलू


सस्काटून, १२ सप्टेंबर २०१७

चि. नीलूस आशीर्वाद.

शंका काढायची सवय तुला मावशीकडून आलीय. ती दूधवाल्याला रोज विचारायची की हे कालचं तर नाही ना, आणि तो बिचारा रोज शपथ घ्यायचा.

दोन वर्षं म्हटलं की त्यात दोन हिवाळे आले की नाही? आमच्या ट्रकांना थंडीने कधी त्रास दिलेला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. नंदनरावांना चांगले लोकरीचे मोजे घेऊन दे. माणसाचे पाय मोज्याने गरम ठेवायचे असतात, ट्रकने नव्हे.

फोटो सोबत आहे. ऊर्मीला म्हणावं, पोट आत घेऊन उभा आहे, तेवढं समजून घे.

सूर्यादादा


लव्हाल, २४ नोव्हेंबर २०१७

प्रिय सूर्यादादा,

ट्रक आला. पांढराशुभ्र आहे, बाजूला आईच्या नावाने ‘माधवी’ असं मराठीत आणि खाली फ्रेंचमध्ये पोळ्या म्हणजे काय ते. कंपनीच्या आवारातच नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. तो हडकुळा विकणारा बाजूला हात बांधून उभा होता. लिंबं फुटल्यावर त्याने ऊर्मीला हळूच विचारलं की ही कुठल्या अॅक्सेसरीत येतात.

नंदन नव्या नवरदेवासारखा हिंडतो. गाडीचा आवाजच नाही, त्यामुळे दुकानदारांना तो आलेला कळत नाही आणि त्याला स्वतःलाच शीळ घालावी लागते. कॅमेरा, लिफ्ट, जाळी, तू सांगितलेलं सगळं उपयोगी पडतंय. तुझा फोटो फ्रिजवर लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगते, हे आमचे सल्लागार.

एकच गोष्ट आहे. गेल्या आठवड्यात उणे आठ झालं, नंदनने गाडीतला साधा हीटर लावला आणि घरी पोचला तेव्हा बॅटरीत नऊ टक्के उरलेले. कंपनीत फोन केला तर म्हणाले, तो हीटर बॅटरीवरच आहे, मग खाणारच. ट्रक उन्हाळ्यात आला असता तर ही गोष्ट मला कळलीच नसती. अजून जानेवारी यायचाय. तुमच्याकडे असं होतं का? नंदन म्हणतो, सवय होईल. तरी तू दोन ओळी लिही.

नीलू


लव्हाल, १७ जानेवारी २०१८

प्रिय सूर्यादादा,

तिळगूळ घ्या, गोड बोला. नोव्हेंबरातल्या पत्राचं उत्तर आलं नाही, तू कामात असशील.

नंदनचा पाय मुरगळला आहे. पायरीवरून घसरला. काही आठवडे घरीच आहे. काळजीचं कारण नाही, म्हणून फोन केला नाही. ट्रक दारात उभा आहे, माल सध्या शेजारच्या दुकानदाराच्या व्हॅनमधून जातो.

वहिनींना नमस्कार.

नीलू


सस्काटून, २५ जानेवारी २०१८

चि. नीलूस आशीर्वाद.

तिळगूळ मिळाला. नोव्हेंबरात लिहायचं राहून गेलं खरं, इकडे वर्षअखेरीच्या मोजणीचा गोंधळ होता.

पायरीला जाळी घेतली होतीस ना? मग नंदनराव घसरले कसे? जाळीत बर्फ साठू द्यायचा नसतो, रोज सकाळी ब्रशने झाडायचा. बुटांचे तळही एकदा बघून घे. यादीत मी जाळी उगाच नव्हती लिहिली. मुरगळलेल्या पायाला आंबेहळद लाव, इंडियन दुकानात मिळते.

सूर्यादादा


सस्काटून, ५ फेब्रुवारी २०१८

नीलू,

काल वनिताने तुमच्याकडे फोन केला होता. तू बाहेर होतीस, ऊर्मीने घेतला. वनिताने विचारलं, बाबांचा पाय कसा आहे. पोर म्हणाली, “ही इज फाइन नाऊ, मामी. दे ओन्ली टुक टू टोज.”

वनिताने फोन ठेवला आणि ते वाक्य मला मराठीत सांगितलं, की पायाची दोनच बोटं काढली, जणू मला इंग्रजी कळत नाही. मग ऊर्मीने आणखी जे सांगितलं तेही सांगितलं. की थंडीने झालं, ट्रकमध्ये झालं. नंतर ती स्वयंपाकघरात गेली आणि मी कोचावर बसून राहिलो. मी तुला आंबेहळद लावायला सांगितली होती.

आता जे लिहायचं ते सप्टेंबरात लिहायला हवं होतं. आमचे ट्रक जमिनीच्या खाली एक किलोमीटरवर असतात. सुटे करून खाली नेले, तिथेच जोडले, ते कधी वर येत नाहीत. खाली बारा महिने सत्तावीस अंश असतं. वर सस्काटून गोठलेलं असताना खाली माणसं बाह्या दुमडून काम करतात. मी तुला लिहिलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता. दोन वर्षं, दोन ट्रक, थंडीने कधी त्रास दिला नाही. देईल कसा, थंडी त्यांनी पाहिलेलीच नाही.

पहिलं पत्र लिहिताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने आहे. रोज लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली जातो, रोज तीच ऊब, माणूस विसरतो. पण तुझं सप्टेंबरचं पत्र आलं, त्यात ‘उणे चाळीस’ असं होतं, आणि मला तिथेच कळलं की तू काय समजून बसलीयस. ते पत्र मी तीनदा वाचलं. एका ओळीचं काम होतं. पण ती ओळ लिहिली असती तर पुढचीही लिहावी लागली असती. मी ट्रकवर नाही, नीलू. मी सुट्या भागांच्या खिडकीवर बसतो. लोक चिठ्ठी देतात, मी फडताळातून भाग काढून देतो. ट्रक मी चालवलेला नाही, उघडलेला नाही. फोटोसाठी फक्त एकदा शेजारी उभा राहिलो. काकूला ‘ट्रकवर आहे’ असं मीच कधीतरी सांगितलं होतं आणि मग ते तसंच वाढत गेलं. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला इंजिनिअर समजून प्रश्न विचारला होता. मला ते फार गोड लागलं. तू नंदनरावांच्या पायांबद्दल लिहिलं होतंस, तेही मी वाचलं होतं, आणि मी तुला दूधवाल्याचा विनोद लिहून पाठवला. नोव्हेंबरचं पत्रही पोचलं होतं. मोजणीबिजणी काही नव्हती. लिहायला बसलो की उठायचो.

तुझ्या लग्नात काका नंदनरावांचे पाय धूत होते आणि तांब्यातून पाणी मी घालत होतो. गुरुजी म्हणाले, हळू, जावयाचे पाय आहेत. कालपासून तेवढंच डोळ्यांपुढे येतंय.

लाज वाटते, दुसरा शब्द नाही. नंदनरावांना हे पत्र वाचून दाखव. माफी मागायची असते हे कळतं, पण कुठल्या तोंडाने मागू?

सूर्यकांत


लव्हाल, ४ मार्च २०१८

सूर्यादादा,

महिनाभर लिहिलं नाही, कारण रोज जे लिहावंसं वाटत होतं ते पाठवण्यासारखं नव्हतं.

काय झालं ते तुला कळायला हवं. चार जानेवारीला उणे सव्वीस होतं. ब्रोसार्डहून परत येताना पुलावर अपघात होऊन रांग लागली. नंदनने पुलावरून मला फोन केला, की अकरा टक्के उरलेत आणि गाडी हलत नाहीये, काय करू. मी पोळ्या लाटणाऱ्या बायकांमध्ये उभी होते, घाईत होते. मी म्हणाले, “हीटर बंद कर. दादाचे ट्रक उणे चाळीसमध्ये चालतात, तुला एवढं काय होतंय.”

त्याने बंद केला. दोन तास तो तसा बसला. पायांना काही कळत नव्हतं, त्यामुळे तो घरी आला तेव्हा कौतुक करून सांगत होता की बघ, चार टक्के वाचवून आणले. मग मोजा काढला. डाव्या पायाची दोन बोटं मेणासारखी पांढरी झालेली. दोन आठवडे वाट बघून डॉक्टरांनी ती काढली.

पाय मुरगळला असं तुला लिहिलं ते तुझी काळजी म्हणून, असं समजू नकोस. खरं लिहिलं असतं तर माझं ते फोनवरचं वाक्यही लिहावं लागलं असतं. विकणाऱ्याने मला तीनदा विचारलं होतं, माझा नवरा पुलावरून विचारत होता, आणि दोन्ही वेळा मी तुझं नाव पुढे केलं. नंदन मला एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. रात्री तो मलमपट्टी स्वतः करतो, मला करू देत नाही, आणि मी दाराबाहेर उभी राहते.

चुकीचा सल्ला मी कधीच विसरले असते. सगळेच चुकतात, मीही चुकले. पण मी खड्ड्याकडे चाललेय हे तुला दिसत होतं आणि तू वरून हसत होतास, ते मला गिळता येत नाही. खिडकीवर बसतोस हे कळून मला काय वाटलं असतं असं तुला वाटलं? मी इथे पोळ्या लाटते, दादा.

या वर्षी राखी पाठवेन की नाही, मला ठाऊक नाही. आज तरी पाठवावीशी वाटत नाही.

नीलिमा


लव्हाल, १२ मार्च २०१८

ती. सूर्यकांतदादा यांस नंदनचा सा. न.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, लग्नाआधी नीलूला लिहिलेली दोन पत्रंसुद्धा मित्राकडून तपासून घेतली होती. हे तपासायला कोणी नाही, सांभाळून घ्या.

तुमचा फोटो आमच्या फ्रिजवर सप्टेंबरपासून आहे. मी दिवसातून दहा वेळा तो फ्रिज उघडतो. कोपऱ्यात तारीख छापलेली आहे, जानेवारीची. तुमच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आहेत, कपाळावर घाम आहे आणि मागे भिंत आहे, आकाश कुठेच नाही. ट्रकची सही व्हायच्या आधीच मी हे पाहिलं होतं. जानेवारीत सस्काटूनला माणसाला घाम कसा येईल, एवढं मला कळतं. मी केमिस्ट्री शिकलोय.

पण विचारणार कसं? बायकोचा मोठा भाऊ, लग्नात माझा कान पिळलेला, आणि प्रश्न त्यांच्याच विषयातला. जावयाने चौकशी केली की सासरची माणसं म्हणतात, विश्वास नाही. नीलूला तुमचं एवढं कौतुक, तिलाही म्हणवेना. म्हटलं, मोठी माणसं सांगतायत तर काही विचार असेल. मी दोन मोज्यांवर तिसरा चढवला आणि गप्प बसलो. पुलावरही तेच. हीटर बंद करायचा नाही, एवढं म्हणायचं होतं. ट्रक बंद पडला असता तर पडला असता, ओढून आणता आला असता. मला माझ्या पायाचं ठाऊक होतं. तुम्हा दोघांपेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

हे सगळं मी परवा नीलूला सांगितलं. ती दोन महिने स्वतःला खात होती आणि मी भला माणूस होऊन बसलो होतो, त्याची मला आता लाज वाटते. सांगितल्यापासून ती माझ्याशीही बोलत नाही. म्हणजे आपण दोघं आता एकाच बाकावर उभे आहोत. कालची पट्टी मात्र तिनेच बांधली, न बोलता, जरा घट्टच.

कामाचं लिहितो. कंपनी ट्रक परत नेऊन थंडीचं पॅकेज बसवून देणार आहे. सोबत आणखी काही बदलायचं असलं तर म्हणून तीच चार पानी यादी पुन्हा दिलीय. ती तुम्हाला पाठवतोय. हो आणि नाहीच्या शेजारी मी पट्टीने तिसरा रकाना आखलाय, त्यावर लिहिलंय ‘ठाऊक नाही’. आपल्या घरांत तो नव्हताच कधी.

ईस्टरच्या सुट्टीत या. त्या कानाची परतफेड बाकी आहे. मी दारापर्यंत चालत येईन, थोडा हळू.

नंदन


सस्काटून, २३ मार्च २०१८

चि. नीलू आणि श्री. नंदनराव यांस,

यादी भरून सोबत पाठवतोय.

कॅमेऱ्यापुढे हो आहे आणि पायरीच्या जाळीपुढे हो आहे, कारण मोडके दिवे आणि मोडक्या पायऱ्या माझ्या खिडकीवर येतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सोलर पॅनल, जलद चार्जिंग, लिफ्ट, गरम सीट आणि थंडीचं पॅकेज, या पाचांपुढे तिसऱ्या रकान्यात खूण केलीय. गरम सीटला मी चोचले म्हटलं होतं. इथल्या एका मेकॅनिकला परवा खरं सांगून विचारलं, तर तो म्हणाला, पूर्ण केबिन तापवण्यापेक्षा सीट तापवली तर बॅटरी कमी जाते. म्हणजे तेही मी चुकीचं सांगितलं होतं. पण हे त्याचं म्हणणं आहे, माझं नाही. ज्याने ट्रक बांधलाय त्याला विचारा, आणि तो तीनदा विचारत असेल तर तिसऱ्यांदा तरी ऐकून घ्या.

पहिली खूण करायला मला सबंध रविवार लागला. वनिता दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही गार झाले. पुढच्या चार त्यामानाने लवकर झाल्या.

अमरावतीला काकूला पत्र टाकलं. खिडकीचं लिहिलं, ट्रकचं लिहिलं, नंदनरावांच्या पायाचंही लिहिलं. ती गल्लीला सांगेल, सांगू दे.

नंदनराव, तुम्ही स्वतःला दोष दिलात तो मी घेणार नाही. फोटो पाठवताना ती तारीख मलाही दिसली होती. कुणी विचारलं तर सांगून टाकू, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं. सांगायचं ओझंसुद्धा मी तुमच्यावर ढकललं होतं.

गुड फ्रायडेचं तिकीट काढलंय, मी एकटाच येतोय. दारापर्यंत तुम्ही चालत येऊ नका, बसून राहा, मी आत येईन. कान धुऊन आणतो. नीलू दारात आली नाही तर तिला बोलावू नका.

ऊर्मीने केलेली मागच्या वर्षीची राखी अजून खिशात आहे. सुटलेली गाठ मीच पुन्हा मारली होती, ती सैलच बसली. राखी बरोबर आणतोय. नीट बांधून द्यायची की परत घ्यायची ते नीलूने ठरवावं. तो रकाना मी कोराच ठेवलाय.

सूर्यकांत